ट्यूबचा 'मिश्र' ट्यूमर: दोन ब्लॉकवर केमो ठरवावी का?

लॅब_सोलापूर: वय 61. उजवी फॅलोपियन ट्यूब (गर्भनलिका) पडवळासारखी फुगलेली. गर्भपिशवी, दोन्ही ओव्हरी, ट्यूब आणि ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा) काढलंय. रिपोर्ट एवढाच: 'फॅलोपियन ट्यूबचा मिक्स्ड ट्यूमर, सार्कोमा 20 टक्के.' ट्यूबचे ब्लॉक (मेणात बसवलेले टिश्यूचे तुकडे) दोनच. एवढ्यावर केमो ठरवायची की आधी ब्लॉक मुंबईला टाटाला पाठवायचे?

ब्लॉकवाला: 'मिक्स्ड' या शब्दानेच घोळ होतो. दोन प्रकारचे कार्सिनोमा (अस्तराच्या पेशींचे कॅन्सर) एकत्र, उदा. सिरस आणि एंडोमेट्रिऑइड, हे एक. कार्सिनोमा आणि सार्कोमा (स्नायू-हाडासारख्या आधार देणाऱ्या टिश्यूचा कॅन्सर) एकत्र, म्हणजे कार्सिनोसार्कोमा (जुनं नाव मिक्स्ड म्यूलेरियन ट्यूमर), हे दुसरं. तुमचा रिपोर्ट दुसरं सुचवतो, पण दोन ब्लॉकवर मी सही करणार नाही.

उरलेली ट्यूब फॉर्मॅलिनमध्ये असेल तर पुन्हा कापा. फिम्ब्रिया (ट्यूबचं ओव्हरीकडचं झालरीसारखं टोक) उभी चिरायची, बाकी ट्यूबचे 2-3 मिमीचे आडवे काप, आणि सगळं ब्लॉकमध्ये. ट्यूमरचा दर सेंटिमीटरला किमान एक ब्लॉक. एंडोमेट्रियमही (पिशवीचं अस्तर) नीट तपासा, कारण पिशवीतला कार्सिनोसार्कोमा ट्यूबमध्ये उतरलेला असू शकतो. ट्यूबच्या अस्तरात स्टिक (अस्तरापुरताच असलेला सुरुवातीचा सिरस कॅन्सर) सापडलं, तर उगम ट्यूबचा म्हणायला जोर येतो.

खरा सापळा वेगळाच: एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमातल्या लांबट, तर्कूसारख्या पेशी सार्कोमा वाटतात. आयएचसीत (पेशींतली प्रथिनं रंगवून ओळखायची तपासणी) सायटोकेरॅटिन, पॅक्स8, डब्ल्यूटी1, पी53 लावा. स्नायूची शंका असेल तर डेस्मिन, मायोजेनिन. दोन्ही घटकांत पी53 सारखंच बिघडलेलं दिसलं तर कार्सिनोसार्कोमाला बळ मिळतं, कारण दोन्ही एकाच पेशीवंशातून आलेले असतात.

केमो_डेकेअर: टक्केवारीत अडकू नका. 20 असो की 50, उपचार कार्सिनोमाच्या धर्तीवरच. पॅक्लिटॅक्सेल 175 मिग्रॅ प्रति चौ.मी. आणि कार्बोप्लॅटिन एयूसी (औषध शरीराला एकूण किती मिळावं याचं माप) 5-6, दर 3 आठवड्यांनी, साधारण 6 सायकल. आयफोस्फामाइड-पॅक्लिटॅक्सेलशी तुलना झाली, तेव्हा ही जोडी कमी पडली नाही. शिवाय आयफोस्फामाइडला मेस्ना (मूत्राशय जपणारं औषध) लागतो, मूत्राशयातला रक्तस्राव आणि गुंगी सांभाळावी लागते.

कार्बोप्लॅटिनचा डोस = एयूसी × (जीएफआर + 25). जीएफआर म्हणजे मूत्रपिंडाचा रक्त गाळायचा वेग, तो क्रिएटिनिनवरून काढतात. जीएफआर 65, एयूसी 5 तर 450 मिग्रॅ. बारीक अंगाच्या बाईचं क्रिएटिनिन 0.4 आलं की जीएफआर फुगतो आणि डोस जास्त जातो. अशा वेळी 0.7 धरून हिशेब करा. रक्तातली बीआरसीए (आनुवंशिक कॅन्सरशी जोडलेली जनुकं) तपासणी आत्ताच पाठवा. नंतरच्या गोळ्या आणि लेकीबहिणींची तपासणी, दोन्ही त्यावर ठरतं.

लॅब_सोलापूर: आणि टाटाला नेमकं काय काय द्यायचं?

ब्लॉकवाला: सगळे ब्लॉक, सगळ्या स्लाइड, ग्रॉसिंगचं (नमुना डोळ्यांनी पाहून कापण्याचं) वर्णन, ऑपरेशनची नोट, सीए-125 (रक्तातली कॅन्सरची खूण) आणि सीटी. फक्त स्लाइड पाठवल्या तर तिथे आयएचसी करायला टिश्यूच नसतो. नाव सगळ्या कागदांवर एकच हवं, माहेरचं-सासरचं झालं की काउंटरवर अडकतं. मे महिन्यात ब्लॉक बंद गाडीत ठेवू नका. मेण 56-58 अंशांच्या आसपास वितळतं, आणि सोलापूरच्या उन्हात ते मऊ पडायला वेळ लागत नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री हाती नेलेले बरे. केमो मात्र इथे किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयातही घेता येईल, त्यासाठी मुंबईच्या खेपा नकोत.

लॅब_सोलापूर: बरणी आहे. फिम्ब्रिया शाबूत दिसते.

ब्लॉकवाला: मग फॉर्मॅलिन बदला, टिश्यूच्या दहापट हवं. रात्रभर मुरू द्या, उद्या कापा. त्याआधी फोटो काढा.