मदत हवी आहे: डेमलर डबल-सिक्सचं व्ही१२ इंजिन गेलंय, जागेवर कोणतं बसवावं?

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जवळ राहतो. १९७७ ची डेमलर डबल-सिक्स, सिरीज २, घेतली आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही मुळात जग्वार एक्सजे१२च. ग्रिलवर डेमलरच्या खाचा आणि आत जरा जास्त थाटमाट, एवढाच फरक. ५३४३ सीसी, बारा सिलिंडर, पेट्रोल इंजेक्शन, ऑटोमॅटिक. ही जिथे तयार झाली ते ब्राउन्स लेन माझ्या घरापासून फार लांब नाही. तिथलं गाड्यांचं उत्पादन २००५ मध्येच थांबलं.

बॉडी उत्तम आहे, आणि या गाड्यांत तीच गोष्ट दुर्मिळ. सिल (दारांखालचे पत्रे), चाकांच्या कमानी, मागच्या दोन्ही पेट्रोल टाक्यांच्या आजूबाजूचा पत्रा, सगळं शाबूत. चामडं फाटलेलं नाही.

इंजिन मात्र कामातून गेलंय. आधीच्या मालकाकडे रेडिएटर गाळाने बुजला आणि गाडी जबरदस्त तापली. दोन सिलिंडरना कॉम्प्रेशन नाही. बोअरस्कोप घातला तर एका सिलिंडरमध्ये व्हॉल्व्ह सीट हेडमधून निसटून पिस्टनवर आपटलेली दिसते, लायनरलाही ओरखडे आहेत. हेड उतरवायला घेतलं, तर लोखंडी स्टड आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड गंजून एकजीव झालंय. रोज भेदक तेल सोडतोय, तसूभर हललेलं नाही. पूर्ण इंजिन बांधून देण्याचा एका वर्कशॉपने जो आकडा सांगितला, त्यात अशीच दुसरी चालती गाडी येईल.

त्यामुळे इंजिन बदलायचा विचार पक्का होत चाललाय. तीन नावं कानावर आली आहेत. जग्वारचंच जुनं सहा सिलिंडरचं ४.२ एक्सके, नव्वदीच्या दशकातलं ४.० लिटर एजे१६ आणि अमेरिकन शेवरोलेचं एलएस व्ही८. गाडी दाखवायला ठेवायची नाही, चालवायची आहे. मधूनमधून लंडनलाही न्यायची आहे. ऐतिहासिक गाडी म्हणून रोड टॅक्स, एमओटी (दरवर्षीची सक्तीची तपासणी) आणि लंडनचा यूलेझ (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचं शुल्क), तिन्हींतून सूट आहे. ती गमवायची इच्छा नाही. कुणी असं काम केलंय किंवा जवळून पाहिलंय का? मोजमापं, कागदपत्रं, पुढे येणाऱ्या कटकटी, काहीही सांगा. घरच्यांचं मत ‘विकून टाक’ असं आहे, ते वगळून सांगा.

सहावा गिअर
डोळे मिटून एलएस. मी टेक्सासात असतो, इथे जग्वारमध्ये शेवरोलेचं इंजिन ही कित्येक दशकं जुनी गोष्ट आहे. आधी साधं ३५० स्मॉल ब्लॉक घालायचे, आता एलएस. एलएस१ चा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, ताकद तुमच्या व्ही१२ पेक्षा जास्त, आणि पार्ट कुठल्याही दुकानात. माउंटिंगचे तयार किट मिळतात.
एक सांगतो. तुमच्या गाडीत जीएमचा (जनरल मोटर्स, शेवरोलेची मालक कंपनी) टर्बो ४०० गिअरबॉक्स असेल तर ‘गिअरबॉक्स तर जीएमचाच आहे, लागेल एलएसला’ असं कुणी म्हणेल. लागत नाही. या गिअरबॉक्सची पुढची घंटा (इंजिनाला जोडणारा भाग) केसिंगबरोबरच ओतलेली असते, आणि जग्वारसाठी ओतलेल्या घंटेची बोल्टची भोकं जग्वारची. शेवरोलेचाच गिअरबॉक्स घ्यावा लागेल.

अवलिया
२००८ पासून जग्वार टाटांची आहे. पिंपरीला विचारून बघा, सुमोचं इंजिन बसेल. 😀

पुणेरी फिटर
अवलिया, हसू नका. आपल्याकडे पेट्रोलच्या अ‍ॅम्बॅसिडर काय नि फियाट काय, डिझेल इंजिनं घालून लोकांनी वर्षानुवर्षं टॅक्सी चालवल्या. गाडीत आवाज इतका की मागच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, पण धंदा झाला.
धागाकर्ते, गाडी कधी पुण्यात आणायचं मनात असेल तर एक लक्षात ठेवा. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा अशी अट आहे.

मिडलंडकर
कागदपत्रांचं मी सांगतो, कारण बहुतेक जण इंजिनाच्या मागे लागतात आणि याचा विचार नंतर करतात.

तुम्ही तिन्ही सवलती एकत्र धरल्या आहेत. त्या वेगवेगळ्या आहेत. रोड टॅक्सची सूट गाडीच्या वयावर आहे. यूलेझची सूट चाळीस वर्षांवरच्या आणि ऐतिहासिक टॅक्स वर्गात नोंदलेल्या गाडीला. इंजिन बदलल्याने या दोन जात नाहीत. फिरते ती एमओटीची सूट. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी लागत नाही, पण गेल्या तीस वर्षांत ‘मोठा बदल’ झालेला नसावा लागतो, आणि टॅक्स भरताना, म्हणजे शून्य रकमेचा का होईना, तसं व्ही११२ फॉर्मवर तुम्हीच जाहीर करता.

आता मोठा बदल म्हणजे काय? त्याच मूळ इंजिनाची वेगळी सीसी चालते. त्या मॉडेलला कारखान्यातूनच पर्याय म्हणून येणारं इंजिनही चालतं. सिलिंडरची संख्या बदलली तर ते बहुधा कारखान्याचं पर्यायी इंजिन नाही असं मानलं जातं. ‘बहुधा’ हा शब्द सरकारी मार्गदर्शिकेत आहे, आणि तुमच्यासाठी तोच महत्त्वाचा. ४.२ एक्सके हे सहा सिलिंडरचं असलं तरी याच शेलमध्ये (बॉडीच्या सांगाड्यात) कारखान्यातून येत होतं, डेमलरने ती गाडी सॉव्हरिन नावाने विकली. म्हणजे त्याची बाजू मांडता येते. एलएस आणि एजे१६ ची येत नाही. ती घातलीत तर दरवर्षी एमओटी करा, आभाळ कोसळत नाही. उत्सर्जनाची चाचणी गाडी आणि इंजिन यांतलं जे जुनं त्याच्या निकषावर होते, तिथे १९७७ च्या गाडीला जुने, सैल निकष लागतात.

बाकी: नवा इंजिन नंबर डीव्हीएलएला (वाहन नोंदणी खातं) कळवून व्ही५सी (गाडीचं नोंदणीपत्र) दुरुस्त करून घ्यायचा, पावती जपून ठेवायची. विमावाल्यापासून काही लपवायचं नाही. आणि शेलला कापाकापी करू नका. काम बोल्टवर भागलं तर उद्या परतही फिरवता येतं.

धागाकर्ता
मिडलंडकर, खूप आभार. यातलं निम्मं मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मग ४.२ एक्सकेच का?

तेलकट हात
थांबा, थांबा. आधी एक सांगा, गाडी १९७७ च्या कुठल्या महिन्यातली? त्याच वर्षी व्ही१२ चा गिअरबॉक्स बदलला. आधी बोर्ग-वॉर्नर १२, नंतर जीएम टर्बो ४००.

धागाकर्ता
वर्षाच्या उत्तरार्धातली. गिअरबॉक्सच्या बाजूला व्हॅक्यूम मॉड्युलेटर आहे, म्हणजे टर्बो ४००.

तेलकट हात
मग तुमचं नशीब चांगलं.

एक्सके इंजिनाबद्दल मला आदर आहे. १९४८ मध्ये अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात आलं आणि लिमोझिनमध्ये १९९२ पर्यंत टिकलं, असं दुसरं दाखवा. पण तुमच्या गाडीत ते घालायचं म्हणजे नुसतं इंजिन नाही. गिअरबॉक्स वेगळा, रेडिएटर, एक्झॉस्ट, प्रॉपशाफ्ट, वायरिंग वेगळं. म्हणजे एक अख्खी एक्सजे६ (हीच गाडी, सहा सिलिंडरची) विकत घेऊन कापायची. आणि हाती काय? २८५ अश्वशक्तीच्या जागी १७० च्या आसपास. डबल-सिक्सचा बिल्ला लावलेली सॉव्हरिन. एजे१६ छान इंजिन, पण त्याचा इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप), ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि संपची (खालच्या तेलाच्या टाकीची) जागा यात हिवाळा जाईल. एलएस वेगवान होईल यात शंका नाही. पण व्ही१२ ची ती शांतता, बॉनेटखाली काही चालू आहे की नाही असा प्रश्न पडतो ती, गेली. त्याच शांततेसाठी ही गाडी घेतात ना लोक?

जग्वारचीच एक्सजे-एस कूपे का नाही बघत? १९७५ पासून तीच ५.३, पुढे तोच टर्बो ४००. या कूपे गंजून संपतात, इंजिनं मात्र धडधाकट राहतात. गंजलेली, भंगारात निघालेली, पण चालू स्थितीतली एक्सजे-एस शोधा. सीसी तीच, सिलिंडर तेवढेच, मिडलंडकरांचा व्ही११२ चा प्रश्नच मिटला. माउंटिंगला हात लावायचा नाही, गिअरबॉक्स तुमचाच.

आता मेख. १९८० च्या आधीची एक्सजे-एस मिळाली तर तुमचं इंजेक्शन, तुमचं वायरिंग, सगळं जसंच्या तसं. पण त्या आता कमी उरल्या. जास्त मिळतात त्या १९८१ नंतरच्या, मागे ‘एचई’ लिहिलेल्या. मायकेल मे या स्विस इंजिनिअरने आखलेलं हेड, बरंच जास्त कॉम्प्रेशन, पेट्रोल थोडं कमी खाणार. तुमचं जुनं इंजिन लिटरला चारएक किलोमीटर देत असेल, तेव्हा ‘थोडं कमी’ यावर फार भाळू नका. एचई घेतलंत तर तिचा ईसीयू, हार्नेस, इग्निशन अ‍ॅम्प्लिफायर, डिस्ट्रिब्युटर सगळं त्याच गाडीतून काढा. ईसीयू डिकीत असतो आणि इनलेटपासून तिथपर्यंत व्हॅक्यूमची एक बारीक नळी जाते. ती विसरली की गाडी सुरू होते, काळा धूर टाकते आणि माणूस महिनाभर इंजेक्टर साफ करत बसतो.

जुना ब्लॉक विकू नका. जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या प्रमाणपत्रावर मूळ इंजिन नंबर असतो. तो ब्लॉक गाडीबरोबर असला तर पुढचा घेणारा वेगळा भाव करतो.

सहावा गिअर
भांडत नाही. पण पुढच्या खेपेला तापली की एलएसची आठवण काढा.

अवलिया
बारा काढून बारा घालणार म्हणजे धागा पाण्यात. वाचायला मजा आली मात्र.

धागाकर्ता
तेलकट हात, हे डोक्यातच आलं नव्हतं, कारण मी ‘वेगळं इंजिन’ याच दिशेने शोधत होतो. वूस्टरकडे एक १९८३ ची एचई आहे, सिल कुजलेले, इंजिन चालतं म्हणतात. शनिवारी बघायला जातोय. काय तपासू?

तेलकट हात
विकणाऱ्याला आधीच फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन कसं सुरू होतं ते बघायचंय. कॅप उघडून पाण्याचा रंग बघा. तपकिरी असेल तर त्याने कूलंट न घालता नुसतं नळाचं पाणी वापरलंय, अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकला ते विष आहे, सरळ परत या. पाणी स्वच्छ असेल तर सुरू करून वीस-पंचवीस मिनिटं उभी ठेवा आणि काटा बघा. मधल्या खुणेपलीकडे जाऊन तिथेच राहिला तर तुमच्या इंजिनाची गोष्ट तिथेही घडलेली असू शकते. ऑइल प्रेशरच्या काट्यावर फार विश्वास नको, त्याचा सेंडर खोटं बोलतो. जमलं तर स्वतःचा गेज लावा. कॉम्प्रेशन बाराही सिलिंडरचं घ्या. पुढचे दोन प्लग एसीच्या कॉम्प्रेसरखाली अडचणीत असतात म्हणून लोक दहावर थांबतात, तसं करू नका. बॅटरी डिकीत आहे, जंपर केबल लांब न्या.

घेतलंत तर इंजिन आपल्या गाडीत बसवण्याआधी पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या घाला, इंजेक्टरच्याही. त्या कडक होऊन गळतात आणि खाली गरम इंजिन असतं. २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये (ई१०) दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेव्हा ई१० ला चालणारीच नळी मागा. क्रेन दोन टनी भाड्याने आणा. एक टनीचा हात पूर्ण लांब केला की ती हे वजन पेलत नाही.

धागाकर्ता
लिहून घेतलं. वूस्टरवाल्याला फोन केला, ‘सुरू करू नका’ म्हटल्यावर तो जरा घुटमळला. बघू. कुणाकडे मिडलंड्समध्ये लोड लेव्हलर (क्रेनला टांगलेलं इंजिन तिरकं-सरळ करायचं साधन) असेल तर कळवा, क्रेन मिळतेय.

मिडलंडकर
माझ्याकडे आहे. व्यक्तिगत निरोप केलाय.