बाबागाडी माळ्यावरनं काढली, वास जाईना आणि चाक फिरंना

पाच_महिन्यांची_आई:
नमस्कार, कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज. नणंदेच्या मुलाची बाबागाडी परवा पुण्याहून आलीय, तीन वर्षं त्यांच्या माळ्यावर होती, दीर कारच्या डिकीत घालून घेऊन आले. गाडी चांगली आहे, नवीन घ्यायला गेलं तर दहा हजाराच्या खाली तसली येत नाही, त्यामुळं नको म्हणवेना. पण उघडली आणि घरभर वास सुटला ओ. एक आंबलेल्या दुधाचा, त्यात डांबरगोळ्यांचा. टपाच्या घडीत काळे काळे ठिपके आलेत आणि पुढचं डावं चाक फिरतच नाही, ढकललं की घासत जातं आणि चूं चूं करतं.

आता घरात तीन मतं. सासूबाई म्हणतात अंगणात ठेव आणि पाइपनं धुऊन काढ. मिस्टर म्हणतात उद्या टू व्हीलर धुवायला नेतोय तिथंच प्रेशरनं मारून आणतो. आणि मी म्हणते आधी विचारू कुणालातरी. त्यात आमच्याकडं (जुळे सोलापूर) नळ चार दिवसाआड, मधे सगळं बोअरवर, आणि बोअरच्या पाण्यानं धुतलं की काळ्या कापडावर पांढरे पांढरे डाग राहतात हे सगळ्यांना माहितीच आहे. बाळ पाच महिन्यांचं आहे. कुठून सुरू करू?

विजापूररोड_जुळ्यांची_आई:
ताई मिस्टरांना आधी थांबवा!! आम्ही नेमकं तेच केलेलं. जुळ्यांची डबल गाडी, गड्ड्याच्या जत्रेला नेली होती जानेवारीत, होम मैदानावरची धूळ, उसाचा रस, पॉपकॉर्न सगळं सीटमध्ये. नेली वॉशिंगला आणि मारलं प्रेशर. वरून चकाचक झाली, आठ दिवसांनी चाकं करकरायला लागली कारण पाणी गेलं बेअरिंगमध्ये आणि सीटच्या आत जो पुठ्ठ्यासारखा बोर्ड असतो तो फुगून वाकडा झाला. तो बोर्ड परत मिळालाच नाही. शेवटी प्लायवाल्याकडून कापून आणला.

धुवायचं असेल तर कापड काढून धुवा, गाडी धुवायची नाही, गाडी पुसायची. कापड काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, प्रत्येक बटण, प्रत्येक पट्टा कुठल्या भोकातून कुठं गेलाय ते, समोरून मागून खालून. मी काढले नव्हते, मग रात्री साडेअकराला आम्ही दोघं जमिनीवर बसून पट्टे ओवतोय आणि दोन्ही पोरं रडतायत असा सीन झाला. आतला बोर्ड काढून बाजूला ठेवा. कापडाच्या आतल्या शिवणीत एक छोटं लेबल असतं त्यावर हात धुलाई का मशीन ते चित्रात असतं, बहुतेक ठिकाणी ३० डिग्रीच्या वर नको, ब्लीच नको आणि ड्रायर नको असंच असतं. लेबल घासून गेलं असेल तर सरळ हातानेच धुवा.

दुधाच्या वासाला गरम पाणी घालू नका हां, आपल्याला वाटतं गरम पाण्यानं निघेल पण गरम पाण्यानं दूध कापडात अजून धरून बसतं. आधी थंड पाण्यात भिजवा, मग कोमट पाणी आणि बाळाच्या कपड्यांची पावडर. फोमला वास असेल तर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी झटकून काढायचा, मला दोनदा करावं लागलं. पाण्याचं म्हणाल तर साबण बोअरच्या पाण्यात करा आणि शेवटचं खळबळणं फक्त नळाच्या पाण्यात. एक बादली पुरते. दांड्या ओल्या फडक्यानं पुसल्या की लगेच कोरड्यानं पुसा, नाहीतर क्षाराचे ठिपके दांड्यावर पण येतात.

भाकरी_थापणारी_आज्जी:
आमच्या वेळेला कुठली गाडी आणि कुठलं काय, झोळी बांधली तुळईला की झालं काम. पण आता नातवंडाची गाडी मीच धुते म्हणून सांगते बाई, त्या वासाच्या पावडरी नको बाळाला, रिठं भिजत घाल रात्री, सकाळी कुस्करून गाळून घे आणि त्यात धू. मऊ राहतं कापड. आणि आपल्या सोलापूरच्या उन्हात दोन तास टाक, कसला वास राहतोय बघ. बाळाला बाहेर नेताना वरनं ओला पंचा टाकायचा, थंड राहतं.

विजापूररोड_जुळ्यांची_आई:
आज्जी रिठं पटलं, पण कापड डायरेक्ट दुपारच्या उन्हात नको. आमच्या निळ्या टपाचा एका उन्हाळ्यात राखाडी टप झालाय. सावलीत वाऱ्याला टाकलं तरी एप्रिलमधे दोन-तीन तासात खडखडीत होतं, इथं काय पाऊस आहे का मुंबईचा.

औषधाच्या_दुकानात:
दोन गोष्टींवर बोलते, बाकी सगळ्यांनी चांगलं सांगितलंय.

पहिली डांबरगोळ्या. हा नुसता घाण वास म्हणून सोडून देऊ नका. त्यात नॅफ्थॅलिन असतं, ते हवेत उडतं आणि कापडात मुरतं. काही बाळांना जन्मतः जी-६-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, बरेचदा आईवडिलांना माहीतही नसतं, अशा बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी नॅफ्थॅलिननं फुटायला लागतात आणि कावीळ होऊ शकते. गोळ्यांत ठेवलेले कपडे, दुपटी न धुता तशीच बाळाला वापरल्यानं असं झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून वास पूर्ण जाईपर्यंत बाळाला त्यात झोपवू नका. खालच्या जाळीच्या पिशवीत, सीटच्या घडीत एखादी गोळी अडकली असेल तर शोधून काढा. पाच महिन्यांनंतर बाळ सापडेल ते तोंडात घालतं. गाडी उघडी करून गॅलरीत चार-पाच दिवस वाऱ्याला ठेवा, कापड धुवा, परत वास घ्या. आणि आता परत माळ्यावर टाकाल तेव्हा गोळ्या टाकूच नका. पूर्ण वाळवून जुन्या चादरीत गुंडाळा. प्लास्टिकमध्ये बांधलं की आत ओल धरते.

दुसरी, ते काळे ठिपके. ती बुरशी आहे. घरात झटकू नका, बाळ आत असताना तर नाहीच. गच्चीवर न्या, नाकाला रुमाल बांधा, कोरड्या ब्रशनं आधी वरची काढा. मग किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून लावा, तासभर ठेवा, मग साबणानं धुवा. थोडा डाग राहील, राहू दे. पण व्हिनेगर लावलेल्या जागी ब्लीच किंवा बाथरूमचं लिक्विड ओतू नका कधीच, त्यातून विषारी वायू निघतो. बुरशी फोमच्या आतपर्यंत गेली असेल तर फोम टाकून द्या, गादीवाला त्याच मापाचा कापून देतो. जाडी तेवढीच ठेवायची, "बाळाला मऊ पाहिजे" म्हणून जाड गादी घालायची नाही.

आणि आज्जी, माफ करा, पण पंचा टाकू नका. टप वेगळा आणि चारी बाजूनं कापड टाकणं वेगळं. आत हवा कोंडते आणि आपल्याला कळायच्या आत बाळ तापतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला असतो, उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं धातूचं बक्कल हाताला चटका देतं. बाळ ठेवायच्या आधी तळहात लावून बघायचा. खरं तर सकाळी आठच्या आत नाहीतर संध्याकाळी उतरल्यावरच न्या.

भाकरी_थापणारी_आज्जी:
बरं बाई. पंचा नाही टाकत.

मागावरचा_मामा:
वहिनी चाकाचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. मी तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करणारा) आहे, मशीन करकरलं की लोक पहिलं काय करतात तर तेल सोडतात. तुम्ही पण आता खोबरेल तेल नाहीतर शिलाई मशीनचं तेल सोडायच्या तयारीत असणार. सोडू नका. आमच्याकडं एक गोष्ट पोरगं आलं की पहिल्या दिवशी कळती, जिथं तेल तिथं रुवा. तेलावर धूळ आणि तंतू बसत्यात, त्याचा लगदा होतोय आणि आधीपेक्षा जास्त जाम होतंय. सोलापूरची धूळ तर विचारूच नका, रस्ता उकरलेला नाही असा महिना दाखवा मला.

चाक जाम हाय म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा त्यात केस नाहीतर दोरा अडकलेला असतोय. माझ्या नातवाची गाडी आमच्याच वाड्यात फिरती, चाकातून सूत काढलं तर एक रुमाल विणून झाला असता.

आता असं करा. गाडी उलटी करून सतरंजीवर ठेवा. पुढच्या चाकाला दोन जागा फिरत्यात हे आधी ध्यानात घ्या, एक चाक स्वतः आसावर फिरतं ती, आणि दुसरी वर जिथं अख्खं चाक डावीउजवीकडं वळतं ती. बहुतेक गाड्यांना वरच्या जागी एक बटण नाहीतर खिट्टी असती, ती दाबून सरळ खाली ओढलं की पुढचं चाक हातात येतं. आसावरचं चाक काढायचं असलं तर बाजूचं प्लास्टिकचं टोपण स्क्रूड्रायव्हरनं हळूच उचला, आत बारीक लोखंडी क्लिप असती, ती काढताना हात धरा वर, उडून गेली की सापडत न्हाय. क्लिप, वॉशर जसं निघालं त्याच क्रमानं ताटात ठेवा. मग आसावर गुंडाळलेलं ब्लेडनं एका रेषेत कापा आणि चिमट्यानं ओढा. जुन्या टूथब्रशनं कोरडंच घासा. गंज दिसला तर झिरो नंबर पॉलिश पेपर हलका फिरवा, पुसा. सगळ्यात शेवटी सिलिकॉन स्प्रे मिळतो हार्डवेअरला, त्याचा एक फुसका आसावर, आणि जादाचं पुसून काढा. तो सुकून जातोय म्हणून धूळ कमी धरतोय. गंज सोडवायचा स्प्रे असतोय ना घरोघरी, तो जाम झालेलं सोडवायला ठीक, पण मारला तर पुसून टाका, ते काय कायमचं वंगण न्हाय.

चाकं फोमची हायत का हवेची? हवेची असली तर तीन वर्षात हवा बसली असणार. पेट्रोल पंपावर नेऊ नका, एवढासा टायर, तिथल्या प्रेशरनं क्षणात फुटतोय. सायकलच्या हातपंपानं भरा, टायरच्या बाजूला आकडा लिहिलेला असतो तेवढीच.

पाच_महिन्यांची_आई:
मामा काय सांगू!! चाक काढलं. नणंदेचे लांब केस, गुंडाळी गुंडाळी, आणि त्याच्या आत वाढदिवसाच्या फुग्याची सोनेरी रिबन. त्याला तीन वर्षं झाली, तो पोरगा आता शाळेत जातो. केस तिला फोटो काढून पाठवले, ती म्हणाली माझेच आहेत, तेव्हा होते तरी. चाक आता मस्त फिरतंय, स्प्रे मारायच्या आधीच चूं चूं गेलं.

कापड धुतलं, पहिल्या पाण्याचा रंग चहासारखा होता. दुधाचा वास गेला. डांबरगोळीचा अजून जरा आहे, गॅलरीत ठेवलीय. पिशवीच्या कोपऱ्यात खरंच एक अर्धी गोळी निघाली, ते वाचलं नसतं तर बघितलंही नसतं.

आता नवीन प्रॉब्लेम. पट्टे पुसताना दिसलं की खांद्याचा एक पट्टा कडेनं कुरतडलेला आहे, उंदरानं. दोन बोटं अंतर. सासूबाई म्हणतात बॅग शिवणाऱ्याकडून टीप मारून आण, वीस रुपयात होतं. चालेल का?

विजापूररोड_जुळ्यांची_आई:
टपाची चेन, पिशवीची जाळी हे बॅगवाल्याकडून बिनधास्त करा, आमची जाळी नव्या पेठेतल्या बॅग रिपेअरवाल्यानं अशी शिवलीय की कंपनीची वाटते. पण पट्टा नको ताई.

मागावरचा_मामा:
पट्टा न्हाय शिवायचा. विणलेल्या पट्टीचा जोर उभ्या धाग्यात असतोय, कडेचे धागे तुटले की वरनं कितीबी टीप मारा, ओढ बसली की तिथनंच उसवत जातंय. हे मी टॉवेलवाला म्हणून सांगतोय. त्याच मॉडेलचा नवा पट्टा मागवा, मॉडेल नंबर खालच्या दांडीवरच्या स्टिकरवर असतोय. आणि राहिलेले पट्टे मशीनला टाकू नका, साबणाच्या फडक्यानं पुसा. बक्कल खटकन लागत नसलं तर आत बिस्किटाचा चुरा असतोय, कोमट पाण्यात हलवून धुवा, वाळवा. त्याला तेल बिल काय न्हाय.

औषधाच्या_दुकानात:
उंदीर होता म्हणजे लेंड्या असतील. त्या कोरड्या झाडू नका, साबणाचं पाणी मारून ओल्या कागदानं उचला, हातमोजे घालून. आणि अजून एक, पाच महिन्यांचं बाळ अजून बसत नसेल तर सीट पूर्ण आडवी होते का बघा. होत नसेल तर आधार न घेता बसायला लागेपर्यंत थांबा. तोपर्यंत पट्टा पण येईल.

पाच_महिन्यांची_आई:
सीट पूर्ण आडवी होते, बघितलं. पट्टा मागवलाय, आठ-दहा दिवस लागतील म्हणाले. मिस्टरांनी आज रिकामी गाडी बिल्डिंगच्या उतारावर उभी केली आणि ब्रेक लावला तर उजवीकडचं मागचं चाक थांबतं, डावं हळूहळू फिरतंय. ब्रेकचं पॅडल दोन्हीकडं जातंय पूर्ण खाली.

मागावरचा_मामा:
मागच्या चाकाला आतल्या बाजूनं दाते असत्यात, ब्रेकची पिन त्यात बसती. डाव्या दात्यात चिखल वाळून बसला असणार, पिन पूर्ण आत जात नसणार. टोकदार काडीनं उकरा, ब्रश मारा. तरीबी न्हाय झालं तर दोन्ही चाकाला जोडणारी वायर सैल हाय, ते सायकलवाला बघंल.

नंतर तपासताना रिकामी गाडी ठेवू नका, त्यानं काय कळत न्हाय. आठ-दहा किलोची ज्वारीची पिशवी सीटवर ठेवा, त्याच उतारावर ब्रेक लावा आणि वरनं खाली ढकलून बघा, तोंड खाली करून एकदा, वर करून एकदा. ज्वारी खाली आली तर भाकरी करा, पोरगं मात्र बसवू नका अजून.