पंपरूमबाहेरचं बिऱ्हाड

परब (सेक्रेटरी): नमस्कार. गेट नंबर २ ला, पंपरूमच्या भिंतीला टेकून निळी ताडपत्री लागलीय ती सगळ्यांनी पाहिली असेल. नवराबायको, दोन मुलं. ए विंगमधून तीन तक्रारी आल्यात. सोमवारी वॉर्ड ऑफिसला पत्र द्यायचा विचार आहे. कोणाला काही म्हणायचं असेल तर आजच म्हणा, नंतर मला बोल नको.

साळवी (ए-११०२): पत्र कशाला? महापालिकेच्या १९१६ नंबरला फोन लावा. आज एक ताडपत्री आहे, गणपतीपर्यंत दहा होतील.

नीता कदम (ए-६०३): हाकला असं माझं म्हणणं नाही. पण महापालिकेची निवारा केंद्रं असतात ना? तिथे पाठवू या. पाऊस तोंडावर आलाय, धाकटं तर अजून कडेवरचं आहे.

म्हात्रेकाका (बी-३०४): शुभ सकाळ 🙏 मन प्रसन्न तर दिवस प्रसन्न.

परब: काका, विषय चालू आहे.

शिर्के टीचर (बी-७०१): मी काल संध्याकाळी जाऊन बोलले त्यांच्याशी. जालन्याकडचे आहेत. वडाळ्याला भाड्याच्या झोपडीत पाच वर्षं काढली. तिथे एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजना लागली. झोपडीच्या मालकाला बिल्डरकडून भाडं सुरू झालं आणि हे रस्त्यावर आले. नवी खोली बघितली, पण डिपॉझिट कुठून आणणार? नवरा हमाली करतो. बाई पहाटे साडेतीनला दादरच्या फुलबाजारात हार ओवायला जाते.

साळवी: एसआरए लागली तर यांना रूम का नाही मिळाली? काहीतरी काळंबेरं असणार.

अ‍ॅड. तांबे (सी-२०२): काळंबेरं काही नाही हो. मोफत घर हवं तर १ जानेवारी २००० च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा लागतो. पैसे भरून हवं तरी १ जानेवारी २०११ च्या आधीचा. पाच वर्षांपूर्वी आलेला भाडेकरू यात कुठेच बसत नाही.

नीता कदम: मग निवाऱ्याचं काय झालं?

शिर्के टीचर: एका ठिकाणी विचारून आलेत ते. नवऱ्याने पुरुषांच्या निवाऱ्यात राहायचं, बायको-मुलांची सोय दुसरीकडे, तीही लांब उपनगरात. तिथून पहिली लोकल पकडून आली तरी फुलबाजार अर्धा उठलेला असतो. ती मला म्हणाली, "मॅडम, छप्पर मिळंल, पण हार कुठं ओवू?" यावर मला काही उत्तर सुचलं नाही.

साळवी: कोर्टानेच यांना फुटपाथवर राहायचा हक्क दिलाय ना? मग बोलूच नका.

अ‍ॅड. तांबे: असा हक्क कोर्टाने दिलेला नाही, ही सगळ्यांचीच गैरसमजूत आहे. ओल्गा टेलिस खटल्यात, १९८५ साली, सुप्रीम कोर्ट म्हणालं की पोट भरायचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि माणसं कामाजवळ राहता यावं म्हणून फुटपाथवर येतात. पण नोटीस देऊन महापालिका उठवू शकते, हेही त्याच निकालात आहे. फक्त तो पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा म्हणाले.

म्हात्रेकाका: ते प्रकरण मला आठवतं. ८१ च्या जुलैत अंतुले मुख्यमंत्री होते. भर पावसात झोपड्या तोडल्या आणि माणसांना बसमध्ये भरून मुंबईबाहेर सोडायला निघाले. मी तेव्हा मिलमध्ये होतो, पहिल्या पाळीला जाताना बघितलंय.

परब: काका, तुम्ही सुविचारांऐवजी हे टाकत जा.

अ‍ॅड. तांबे: निवाऱ्यांचं गणित ऐका. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, चोवीस तास, बाराही महिने, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश २०१० पासून आहे. २०११ च्या जनगणनेला मुंबई सव्वा कोटीच्या घरात, म्हणजे सव्वाशे निवारे लागतात. बेघर मोजले ५७ हजारांवर. एका निवाऱ्यात शंभर माणसं धरली तरी सव्वाशे निवाऱ्यांत साडेबारा हजारच मावतात. केंद्राच्या योजनेत कुटुंबांसाठी वेगळे निवारे हवेत असं लिहिलेलंही आहे.

साळवी: मुलांसाठी चाइल्डलाइनच्या १०९८ ला तरी कळवा. निदान ती तरी चांगल्या जागी जातील.

शिर्के टीचर: साळवी, आईबाप धडधाकट आहेत, मुलांना जीव लावतात. गरिबी हा काही मुलं काढून घ्यायचा गुन्हा नाही. संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, असं २०१५ चा बाल न्याय कायदाच सांगतो.

साळवी: मी आपलं सुचवलं.

सुमनकाकू (सी-५०१): मी ग्रुपवर कधी लिहीत नाही, नातीकडून टाईप करून घेतेय. चाळ पाडल्यावर आपण नऊ वर्षं ट्रान्झिटला, तात्पुरत्या घरांत होतो. बिल्डरने मधे भाडं थांबवलं तेव्हा किती जणांनी सामान नातेवाइकांकडे टाकलं होतं, आठवा. माझ्या सासूबाई तिथेच गेल्या, नवीन घर बघितलंच नाही त्यांनी. साळवी, तुमचं कपाट दोन वर्षं आमच्या पॅसेजमध्ये होतं.

साळवी: हो काकू. आठवतंय.

(साळवी यांनी एक मेसेज डिलीट केला.)

नीता कदम: टीचर, आत्ता लगेच काय करता येईल ते सांगा.

शिर्के टीचर: मोठी सात वर्षांची आहे. जून उजाडला की मी तिला आमच्या महापालिकेच्या शाळेत बसवते. जन्मदाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. रेशनकार्ड गावचं आहे, पण आधार जोडलेलं असेल तर इथल्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं. हे त्यांना माहीतच नव्हतं. आणि मतदार नोंदणी होते, फुटपाथवरचीसुद्धा. पत्त्याचा कागद लागत नाही. फॉर्म ६ भरायचा, मग बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, रात्री येऊन बघतो की माणूस खरंच तिथे झोपतो का. मी ही ड्यूटी केलीय, रात्री अकराला टॉर्च घेऊन. निवडणुकीसाठी का होईना, या शहरात नाव कुठेतरी लागतं. खोलीसाठी मात्र डिपॉझिटच लागणार.

नीता कदम: महिला मंडळाच्या भिशीत थोडे शिल्लक आहेत. बिनव्याजी द्यायचे का, विचारते.

साळवी: परत कोण करणार?

सुमनकाकू: तुम्ही कपाट परत नेलंत ना?

परब: बरं. पत्र सोमवारी देत नाही. पण गेटसमोर चूल नको आणि गाड्यांना वाट हवी, हे टीचरनी त्यांना सांगावं. भिशीचं महिला मंडळ बघेल. विषय संपला. दुसरं, टाकी सफाईमुळे उद्या ११ ते ४ पाणी बंद राहील. भरून ठेवा.

शिर्के टीचर: त्यांनाही सांगते. वॉचमन त्यांना आपल्याच नळावर भरू देतो.

परब: हे मी वाचलेलं नाही.