सुखनिवास सोसायटी (फक्त महत्त्वाचे मेसेज)

कुलकर्णी काकू, ए-304: नमस्कार. बी-402 च्या दारावर नवी पाटी लागलीय, निखिलच्या नावाखाली त्याच्या बायकोचं, एमिलीचंही नाव आहे. परदेशी माणसाला आपल्याकडे घर घेता येत नाही असं ऐकून आहे. कमिटीने कागद बघितले का? कोणावर वैयक्तिक आक्षेप नाही.

देसाई, सी-102: काकू, गणपतीत तुम्हीच तिला मोदकाच्या पाऱ्या शिकवल्यात की

कुलकर्णी काकू: मोदकाचा आणि सातबाराचा काय संबंध?

राणे सर, ए-101: सातबारा शेतजमिनीचा, फ्लॅटचा नाही. फेमा म्हणजे परकीय चलनाचा कायदा, त्याखालचे 2019 चे नियम बघा. एनआरआय (परदेशात राहणारे भारतीय नागरिक) आणि ओसीआय (ओसीआय कार्ड असलेले भारतीय वंशाचे परदेशी नागरिक), दोघांनाही फ्लॅट, दुकान घेता येतं. शेतजमीन, फार्महाऊस, मळे नाही. निखिलने अमेरिकन पासपोर्ट घेतला, ओसीआय कार्ड काढलं, त्याला फ्लॅट चालतो.

पवार, बी-201: लिफ्टचं काय झालं?

कुलकर्णी काकू: निखिलचं कळलं हो. ती कुठे ओसीआय आहे?

राणे सर: जोडीदार ओसीआय असेल, लग्न रजिस्टर असेल आणि 2 वर्षं सलग टिकलेलं असेल, तर दोघांच्या नावावर मिळून एक घर घेता येतं. एकच. पैसे बँकेतूनच यायला हवेत, डॉलरच्या नोटा देऊन नाही.

साठे, सी-301: मग माझ्या न्यूजर्सीच्या भाच्याला दापोलीत कलमांची बाग घ्यायची तर का नाही म्हणतात, तो पण ओसीआयच आहे आणि पैसे पण बँकेतूनच देणार

राणे सर: परत तेच लिहितो. फ्लॅट, दुकान चालतं. शेतजमीन, फार्महाऊस, मळे नाही. वारसाने आली तर ठेवता येते, पण विकायची ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.

देसाई: म्हणजे भाच्याला वारसाने मिळायला आता साठेंच्या दादांनी आटपायचं का 😂

साठे: देसाई, आमच्या दादांवर जोक नको. बायपास झालीय त्यांची.

देसाई: सॉरी हो. पण कुळकायद्यात शेतकरी नसेल त्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, म्हणजे दापोलीत मी पण परदेशीच

जाधव मॅडम, बी-103: गोव्यात नाही का, मोरजीकडे टुरिस्ट व्हिसावर आलेल्यांच्या जमिनींच्या चौकश्या झाल्या होत्या. काकूंची शंका अगदीच चूक नाही.

राणे सर: टुरिस्ट व्हिसावाल्याला नाहीच घेता येत. ती केस वेगळी. परत तेच लिहितो, फ्लॅट, दुकान

पवार: सर पाठ झालं. लिफ्ट?

जाधव मॅडम: आपला बहादूर मागे विचारत होता, कर्ज काढून वन आरके घेऊ का म्हणून. 12 वर्षं इथे आहे, पोरं इथल्याच शाळेत.

राणे सर: नेपाळचा नागरिक ना? मग आधी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, इथे राहत असला तरी. पाकिस्तान, चीन, बांगलादेश, त्याच यादीत नेपाळ, भूतानही आहे. 5 वर्षांपर्यंतच्या भाडेकराराला परवानगी लागत नाही.

जाधव मॅडम: आणि शिकागोत राहणाऱ्यांना चालतं. छान आहे.

देसाई: मुद्दा कायद्याचा नाहीचे. काकूंना 402 त्यांच्या मनीषसाठी हवा होता, अख्ख्या बिल्डिंगला माहितीये

कुलकर्णी काकू: हा विषय इथे काढायची गरज नव्हती. मी सोसायटीच्या हितासाठीच विचारलं. उद्या लफडं झालं तर कोण निस्तरणार?

सेक्रेटरी, ए-202: सर्वांना विनंती, भाषा जपा. 402 चं रजिस्ट्रेशन झालेलं आहे, मॅरेज सर्टिफिकेट फाइलला आहे. निखिलला कालच ग्रुपवर घेतलंय.

कुलकर्णी काकू: हा मेसेज डिलीट केला आहे

कुलकर्णी काकू: हा मेसेज डिलीट केला आहे

निखिल लिमये, बी-402: नमस्कार सगळ्यांना 🙏 काकू, कागद बघायचे असतील तर रविवारी या, एमिली पण आहे. सेक्रेटरी काका, मेंटेनन्सचं बिल अजून जुन्या मालकांच्या नावाने येतंय.

सेक्रेटरी: त्यांची 9 महिन्यांची थकबाकी आहे. त्याबद्दल पर्सनलवर बोलू.

पवार: थकबाकी?? मग लिफ्टचे पैसे तिथेच अडकलेत की