लिक्स पाठ केल्याशिवाय जाझ वाजत नाही. पटते का?

आर्णी रोडचा आल्टो

लग्नसराई सरली, वाजे पेटीत गेले. आता बँडवाल्याले गणपतीपर्यंत फारसं काम नाही, म्हणून गावातले दोन पोट्टे माझ्याकडे सॅक्सोफोन शिकाले येऊन रायले. एकाले बाराही स्केल येते. सरळ, उलट, धावत. पण मोबाइलवर डी मायनर, जी सेव्हन, सी अशा कॉर्डचा (एकदम वाजणाऱ्या सुरांचा) ट्रॅक लावून ‘वाजव आता’ म्हटलं का तो स्केलच खालून वर अन् वरून खाली फिरवते. दोन फेऱ्या झाल्या का गप्प. बोलाले त्याच्याजवळ काहीच नाही.

म्हणून मी त्याचे स्केल बंद केले अन् जागा, म्हणजे सुरांचे छोटे तयार तुकडे, पाठ कराले लावल्या; जाझवाले त्यालेच लिक म्हणतात. पहिली दिली ते जगभर चेष्टेची झालेली सात सुरांची: सा रे ग म रे नि सा. ग अन् नि कोमल, नि खालचा, दुसऱ्या ‘रे’वर बाकीच्यांच्या दुप्पट थांबायचं. इंटरनेटवर तिले नुसतं ‘द लिक’ म्हणतात, कोणी वाजवली का लोक हसतात. हसू द्या. पोट्ट्यानं ते डी मायनरवर टाकली तवा पहिल्यांदा वाटलं, हा काहीतरी म्हणून रायला.

माझं म्हणणं सरळ हाये. रोज एक जागा कानानं उचला, सगळ्या पट्ट्यांत घोटा, मग दुसरी. ‘आतून येऊ द्या’ म्हणणारे खेड्यातल्या पोट्ट्याले काहीच देत नाही. आल्टो सॅक्सोफोनचा उस्ताद चार्ली पार्करनं काय केलं? १९३६ मध्ये कॅन्सस सिटीत त्याची भर मैफिलीत फजिती झाली, ड्रमर जो जोन्सनं झांज काढून त्याच्या पायाजवळ फेकली. पुढच्या उन्हाळ्यात तो ओझार्कच्या डोंगरात वाजवाच्या कामावर गेला, संगं टेनर सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगच्या रेकॉर्डी नेल्या, अन् त्यातले सोलो सुरासुरानं पाठ करून आला. सतराचाही पुरता नव्हता. मग आपण कोण लागून गेलो?

ज्याले पटत नसन त्यानं खाली लिहा. नुसतं ‘छान विषय’ लिहू नका.

पेटीवाले काका, दर्यापूर

नाही पटत. पार्करनं अख्खे सोलो घेतले, तुकडे नाही. अख्खा सोलो घेतला की कळतं, वाजवणारा इथं का थांबला, हा सूर त्यानं इतका वेळ का टाळला, मग एकदम का आणला. तुम्ही त्यातला दोन मात्रांचा तुकडा कापून पोराच्या हातात दिला. त्याच्या आधीचं गेलं, नंतरचंही गेलं.

आमच्या भजनी मंडळात एक मुलगा आहे. व्हिडिओ पाहून पेटीवरच्या पाच-सहा जागा शिकला. हात खरंच तयार. पण अभंग कोणताही असो, याची जागा यायचीच. बुवा समेवर येऊन ‘विठ्ठल’ म्हणून मोकळे होतात आणि याची तान अजून वरच्या सप्तकात लटकलेली असते. बुवा त्याच्याकडे पाहतात, तो भात्याकडे पाहतो. त्याला जागा येतात, ऐकू येत नाही.

जाझमध्येही दुसरा रस्ता आहे. ली कोनिट्झ (१९२७–२०२०) हा तुमच्याच आल्टोवाला. त्याची शिकवण दहा पायऱ्यांची: आधी मूळ चाल जशीच्या तशी वाजवा, मग तिच्यात अगदी थोडा बदल, मग आणखी थोडा, असं सरकत सरकत शेवटी स्वतःचं. घरी घोटून आणलेलं मैफिलीत ओतायचा त्याला कंटाळा होता.

आर्णी रोडचा आल्टो

काका, कोनिट्झचा गुरू लेनी ट्रिस्टानो. तो शागिर्दांकडून काय करून घ्यायचा? लेस्टर यंगचे सोलो गाऊन घ्यायचा. गाऊन पाठ केलं तरी ते पाठच ना?

अन् पार्करचं ऐका. थॉमस ओवेन्स नावाच्या अभ्यासकानं १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात प्रबंध लिहिला. पार्करचे अडीचशेच्या आसपास सोलो तपासले अन् शंभरेक ठरलेले तुकडे काढून दाखवले, जे तो फिरूनफिरून वाजवते. पोपट म्हणाचं असन त त्यालेही म्हणा.

पेटीवाले काका, दर्यापूर

ते तुकडे तोवर त्याचे झालेले होते.

आर्णी रोडचा आल्टो

‘झालेले’ म्हणजे आधी कोणाचे तरी होते.

ऑर्गनवाला, वडसा

मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकाच्या ऑर्गनवर बसतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दिवाळीनंतर आमच्या भागात नाटकांचा हंगाम लागतो, गावोगावी मंडई, शंकरपट, आणि रात्री नाटक. पडदा उघडायला उशीर, मग पहाटेपर्यंत चालते. समोर हजारो माणूस. वाजवणारे खड्ड्यात बसलेले, रंगमंचाच्या पुढ्यात.

तिथं काकांची दहा पायरी चालत नाही गा. नट रडता रडता संवाद विसरला, तर तो आठवेपर्यंत दुःख कोणी धरून ठेवायचं? आम्ही. गायिकेनं अंतरा संपवला अन् श्वास घ्यायला थांबली, तेवढ्या चार मात्रांत काहीतरी गोड टाकायचं आहे. त्या वेळी विचार करत बसलास तर अंतरा पुढं निघून जाते. हात आधी जातो, डोकं मागून पोचते. हातात ठेवणीतल्या जागा असल्याच पाहिजेत. रडायच्या वेगळ्या, भांडणाच्या वेगळ्या, अन् विनोदी पार्ट करणारा आला की त्याची वेगळी.

म्हणून आर्णीवाल्या भाऊशी मी सहमत, पण एका गोष्टीवर त्यांना धरतो. ‘सगळ्या पट्ट्यांत घोटा’ हे त्यांनी एका दमात लिहून टाकलं, खरं काम तिथंच आहे. माझ्या कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटण आहे, सॅक्सवाल्याला नाही. आल्टोचा ‘सी’ वाजवला की पेटीवर काळी दोन (दुसरी काळी पट्टी, ई-फ्लॅट) निघते. गायक म्हणाला काळी एक, तर आल्टोवाल्यानं बी-फ्लॅट धरायचा. पोरगा ती सात सुरांची जागा फक्त सोप्या बोटांवर शिकला असेल तर पहिल्याच गायकाजवळ त्याची बोटं बांधल्या जातील. एक जागा बारा ठिकाणी यायला महिना लागो, पण बारा जागा एका ठिकाणी शिकू नका.

ठेका, चंद्रपूर

तबल्यात आम्ही कायदा (ठरलेल्या बोलांची रचना) पाठच करतो, त्याची कोणाला लाज वाटत नाही. पण कायदा पाठ झाला म्हणजे वादन झालं असं कोणी म्हणत नाही. त्याच बोलांतून पलटे काढायचे, बाहेरचा बोल आणायचा नाही, आणि तिहाई घेऊन समेवर यायचं. तुमच्या लिकचे पलटे कुठं आहेत? सात सुरांतला पहिला गाळून वाजवा. अर्ध्या मात्रेनं उशिरा उचला. शेवटचा सूर बदला. एका जागेवर आठवडा काढा. ‘रोज एक जागा’ हे मला पटलं नाही.

सेवानिवृत्त संगीत शिक्षक, अमरावती

सगळे जागेवर भांडत आहेत, जमिनीबद्दल कोणी बोलत नाही.

आपल्याकडच्या मुलाचा कान एका सा वर वाढलेला असतो. तंबोरा, पेटीचा सूर, एकतारी, काहीही असो, सा हलत नाही. त्यानं ही जागा डी ला सा मानून वाजवली की आपल्याला ती काफीची वाटते. गोडही लागते, म्हणून धागाकर्त्यांना ‘हा काहीतरी म्हणतोय’ असं वाटलं. पण त्या ट्रॅकमध्ये घर डी वर नाहीच, घर सी वर आहे. आता सी ला सा माना आणि तेच सात सूर म्हणून पाहा: रे ग म प ग सा रे. सगळे शुद्ध. आणि शेवट सा वर नाही, रे वर. म्हणजे वाक्य अर्धं सोडलेलं आहे, पुढे जायला सांगतं आहे. मुलगा तिथं ‘संपलं’ म्हणून थांबतो, कारण त्याच्या कानात तो सा आहे. दोन फेऱ्यांनंतर तो गप्प होतो त्याचं अर्धं कारण हेच.

उपाय थिअरीचा नाही, गळ्याचा आहे. डी मायनर सेव्हनमध्ये सी हा सातवा सूर. कॉर्ड बदलून जी सेव्हन आला की तो अर्धा सूर उतरून बी होतो, म्हणजे नव्या कॉर्डचा तिसरा. मग जी सेव्हनमधला एफ तसाच उतरून ई होतो, म्हणजे सी च्या कॉर्डचा तिसरा. ही दोन उतरणं मुलाकडून ट्रॅकवर फक्त गाऊन घ्या, वाद्य हातात न देता. सी–बी. एफ–ई. ती ऐकू आली की त्याला कोणतीही जागा कुठं नेऊन सोडायची ते आपोआप सुचेल. तोवर लिक्सची वही भरून उपयोग नाही.

आर्णी रोडचा आल्टो

सर, काफीचं कबूल, ते माझ्या ध्यानात नव्हतं आलं असं नाही, पण इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं. पण आधी दोन उतरणं गा, मग वाद्य हातात घे, असं म्हटलं त पोट्टा दुसऱ्या दिवशी क्रिकेटले जाते. वाजवून मजा आली पाहिजे आधी.

अन् तयार माल वाजवणं कमीपणाचं असन त टेनर सॅक्सोफोनवाल्या जॉन कोलट्रेनचं काय करता? ‘जायंट स्टेप्स’, १९५९ चं रेकॉर्डिंग. बहुतेक ठिकाणी दोन-दोन मात्रांवर कॉर्ड पलटते, तेही तुफान लयीत. त्यानं काय वाजवलं? सा रे ग प, हा चार सुरांचा नमुना जागोजागी. दर कॉर्डचा सा नवा, नमुना तोच. घरून घोटून आला होता. पियानोवर टॉमी फ्लॅनगन होता, कच्चा माणूस नव्हे, पण त्याले तेवढी तयारी कराले वेळ भेटला नाही, त त्याचा सोलो रेकॉर्डवर अडखळताना ऐकू येते.

पेटीवाले काका, दर्यापूर

उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. सा रे ग प ही कोणाची जागा नाही, तो पलटा आहे. कोलट्रेननं दुसऱ्याचं वाक्य उचललं नाही, स्वतःचा रियाज वाजवला. चंद्रपूरवाले तेच म्हणताहेत.

मूर्तिजापूरकर

विषयाला थोडा फाटा फुटेल, पण राहवत नाही. वसंतराव देशपांडे आमच्या मूर्तिजापूरचे, जन्म १९२०. पार्करचाही १९२०. वसंतराव नागपूरला सप्रे गुरुजींकडे शिकले, लाहोरला असद अली खाँकडून मारवा घेतला, पुढं सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, आणि दीनानाथांचा ठसा तर होताच. इतक्या ठिकाणचं घेऊन गाताना ‘हे अमक्याचं’ म्हणून बोट ठेवता येत नाही. घ्यायला हरकत नाही, एकाच दुकानातून घेऊ नका एवढंच. या धाग्यावर सगळे पार्कर-पार्कर करताहेत.

आणि दुसरं, जाझ म्हणजे काही परग्रहावरचं नव्हे. मुंबईतल्या हॉटेलांत जाझ वाजवणारे गोव्याचे वादकच सिनेमाच्या वाद्यवृंदांत आले. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट सी. रामचंद्रांबरोबर होता, ‘अलबेला’ १९५१ चा. ती गाणी आपले बँडवाले अजून वरातीत वाजवतात. त्या गाण्यांमधले ट्रम्पेटचे तुकडे पोरांना आधीच तोंडपाठ असतात. सुरुवात तिथून का नाही करत?

ऑर्गनवाला, वडसा

हे आवडलं. तोंडात असलेलं बोटात लवकर येते.

बारा स्केलवाला

मीच तो पोट्टा. काकाच्या मोबाइलवरून वाचलं सगळं.

पहिले हे सांगतो का ते सात सुरांची जागा माह्या बोटात अशी बसली का आता काहीही वाजवलं तरी तेच येते. परवा वरातीचं गाणं वाजवताना मधातच आली. काका हसले, मले लाज वाटली. म्हणून दर्यापूरच्या काकांचं थोडं खरं हाये.

पण स्केल वाजवत होतो तवा मले कोणीच ऐकत नव्हतं. जागा आली तवा घरचेही दारात येऊन उभे रायले. म्हणून आमच्या काकांचंही खरं हाये.

सरांचं करून पाहिलं. सी–बी, एफ–ई गायलो. पहिले दिवशी काहीच समजलं नाही. मग जागा वाजवून डी वर न थांबता तिथून खाली बी वर गेलो, बरोबर जी सेव्हन आला तवाच. एकदम दरवाजा उघडल्यासारखं झालं. मग पहिला सूर गाळून वाजवलं, तबलावाल्या दादानं सांगितलं तसं, त हसाले येत नाही, वेगळीच लागते. फक्त सी वर आल्यावर काय कराचं ते अजून जमत नाही. तिथं मी एफ वर अडकतो, तो सूर तिथं खुपते.

सेवानिवृत्त संगीत शिक्षक, अमरावती

खुपतो हे ऐकू आलं, फार छान. त्या एफ ला ई वर उतरू दे. घाई असेल तर एफ, मग ई च्या अर्धा सूर खालचा डी-शार्प, आणि मग ई, असा वरून-खालून घेरून घे. बीबॉपवाले, म्हणजे पार्करच्या ढंगाचं जाझ वाजवणारे, हे सतत करतात. लक्ष्य ई, बाकी दोन पाहुणे. पाहुण्यांवर थांबायचं नाही.

पेटीवाले काका, दर्यापूर

पोराचा कान चांगला आहे. वही भरायला लावून त्याची वाट लावू नका, एवढीच विनंती. मी माझ्या मतावर कायम.

आर्णी रोडचा आल्टो

मीही कायम. वही भरणारच. पण रोज एकच्या जागी आठवड्याले एक, इतकं चंद्रपूरवाल्यासाठी सोडलं.

ऑर्गनवाला, वडसा

दिवाळी झाली की पोराला एका रात्रीसाठी इकडं आणा. कागद नाही, कॉर्ड लिहिलेले नाहीत, मी मान हलवली की भरायचं. गायिका काळी पाचमध्ये गाते, आल्टोवर जी मधून तयार करून आणा.

बारा स्केलवाला

अन् ऐन वेळी तिनं काळी चार म्हटली त?

ऑर्गनवाला, वडसा

म्हणतेच ती, सर्दी झाली की. मग एफ.