फेरोसिलिकॉन टाकल्यावर भट्टीतील लोखंड थंड का होत नाही?

प्रश्न (जळगाव, एम.एस्सी. रसायनशास्त्र)
नमस्कार. माझे काका येथील एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या भट्टीवर काम करतात. फेरोमँगनीज (लोखंड-मँगनीज मिश्रधातू) टाकले की तापमान उतरते. मात्र 75 टक्के सिलिकॉन असलेले फेरोसिलिकॉन (लोखंड-सिलिकॉन मिश्रधातू) तेवढ्याच वजनाचे टाकले तर फारसे उतरत नाही, असा त्यांचा अनुभव आहे. सिलिकॉन जळतो म्हणून असे होते, हा तिथला समज बरोबर आहे का? आणि कारण सिलिकॉनच्या स्वभावातच असेल, तर त्याच गटातला जर्मेनियमही लोखंडाशी तसाच वागतो का?

उत्तर (भुसावळ, निवृत्त प्राध्यापक)
थोडा सिलिकॉन जळतो हे खरे, पण मुख्य कारण विरघळण्याच्या उष्णतेत आहे. 1 मोल, म्हणजे 28 ग्रॅम सिलिकॉन खोलीच्या तापमानापासून 1600 अंशांपर्यंत तापवून वितळवायला सुमारे 90 किलोज्यूल लागतात आणि त्यांपैकी 50 नुसते वितळवण्यातच खर्च होतात. तोच द्रव सिलिकॉन भरपूर वितळलेल्या लोखंडात विरघळताना मात्र सुमारे 130 किलोज्यूल बाहेर टाकतो. म्हणजे उधारी फेडून 40 उरतात. ही ओढ इतकी तीव्र आहे की विरल द्रावणात (लोखंडात थोडासाच सिलिकॉन असताना) सिलिकॉनची सक्रियता, म्हणजे त्याचे मोकळेपणाने वागणारे प्रमाण, रौल्टच्या नियमाने (घटकांत विशेष ओढ नाही असे धरून) अपेक्षिलेल्या मूल्याच्या साधारण हजाराव्या भागाइतकीच भरते.

आता 75 टक्क्यांच्या फेरोसिलिकॉनमध्ये लोखंडाच्या एका अणूमागे सिलिकॉनचे जवळजवळ 6 अणू असतात. त्यांपैकी 2 डायसिलिसाइडमध्ये (लोखंडाच्या एका अणूला सिलिकॉनचे दोन असे संयुग) आधीच बांधलेले असल्यामुळे त्यांची बरीचशी उष्णता फेरोसिलिकॉन तयार होतानाच निघून गेलेली असते, आणि मोकळे असलेले 4 अणू भट्टीत ऊब देतात. शिवाय हे आकडे शुद्ध लोखंडाचे आहेत. बीडाच्या (कार्बनयुक्त ओतीव लोखंडाच्या) रसातील कार्बन सिलिकॉनची सक्रियता वाढवतो, त्यामुळे काकांच्या भट्टीत परिणाम याहून सौम्य असणार.

जर्मेनियमचीही उष्णता बाहेरच पडते, पण बरीच कमी. त्याचा अणू सिलिकॉनपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी मोठा असल्याने लोखंडाच्या डी-इलेक्ट्रॉनांशी (बंधात भाग घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांशी) त्याचा मेळ तितका घट्ट बसत नाही. घन अवस्थेतही हा फरक दिसतो: लोखंड मोनोसिलिसाइड (एकास एक अणूंचे संयुग) सुमारे 1410 अंशांना न मोडता वितळते, तर मोनोजर्मेनाइड वितळण्याआधीच मोडते.

प्रतिसाद (धुळे)
सर, एका तक्त्यात लोखंड-सिलिकॉनची मिश्रण-उष्णता 38 किलोज्यूल दिलेली पाहिली होती. आपण 130 म्हणता. दोन्ही बरोबर कसे?

उत्तर (भुसावळ)
आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. 130 हा विरल द्रावणात 1 मोल सिलिकॉनमागचा आहे. तुमच्या तक्त्यातला 38 हा 1 मोल मिश्रणामागचा, तोही जिथे उष्णता सर्वाधिक निघते त्या संघटनाजवळचा. नियमित द्रावणाच्या सूत्राने (त्यात उष्णता दोन्ही घटकांच्या प्रमाणांच्या गुणाकारानुसार धरतात) निम्म्या-निम्म्या मिश्रणासाठी 130 गुणिले 0.25, म्हणजे सुमारे 33 मिळतात. प्रत्यक्ष मोजमाप याहून थोडे अधिक येते, कारण लोखंड-सिलिकॉन हे आदर्श नियमित द्रावण नाही. मी शिकवत असताना निम्म्या वर्गाचे गुण याच गोंधळात जात.

प्रतिसाद (यावल, मोटार रिवाइंडिंग)
केळीबागांच्या पंपांच्या मोटारी रिवाइंड करताना स्टॅम्पिंगचे (मोटारीच्या गाभ्याचे) पत्रे रोज हाताळतो. सिलिकॉनने पत्र्याचा विद्युतरोध वाढून लोहक्षय (गाभ्यात उष्णता होऊन वाया जाणारी वीज) घटतो, मग प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपासच का थांबवतात?

उत्तर (भुसावळ)
लोखंड आणि सिलिकॉनच्या याच ओढीमुळे. सिलिकॉन वाढला की त्याचे अणू जालकात (अणूंच्या मांडणीत) ठरावीक जागा धरून बसतात, पत्रा ठिसूळ होतो आणि थंड लाटताना तडकतो. साडेसहा टक्क्यांना चुंबकीय आकारबदल (चुंबकन होताना पत्र्याची लांबी बदलणे) जवळजवळ शून्य असतो, म्हणून तो पत्रा हवाहवासा वाटतो. पण तो नेहमीच्या पद्धतीने लाटणे फार कठीण आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, सर. काकांना पुढच्या घाणीला दोन्ही मिश्रधातू तोलून टाकून, आधी आणि नंतरचे तापमान टिपायला सांगितले आहे. आकडे आले की इथेच देईन.