फ्रिजवाला दुकानदार दाद देत नाही, तक्रार कुठे करू?

भांडुपकर: आईसाठी गणपतीआधी फ्रिज घेतला. खालच्या कप्प्यात पाणी साचतं, भाजी कुजते. मेकॅनिक येतो, रबर दाबतो, 'ओके' लिहून सही मागतो. दुकानदार म्हणतो, कंपनीशी बोला. आईला रोज फडकं घेऊन वाकावं लागतं, ते बघवत नाही. वकील करावा लागेल का?

सुलभाताई: वकिलाची सक्ती नाही. आधी 1915 वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात. पण तिथे फक्त मध्यस्थी होते, आदेश निघत नाही. आणि दुरुस्ती झाल्याशिवाय 'ओके'वर सही अजिबात करू नका! 'पाणी अजून गळतंय' असं जॉबशीटवरच लिहा. तोच पुढे पुरावा.

गिरगावकर: तेवढ्याने भागलं नाही तर दुकानदार आणि कंपनी दोघांनाही लेखी नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. तुमचा उपनगरचा, वांद्रे पूर्वेला. 2019 च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत 2 वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते.

भांडुपकर: आभार, ताई आणि दादा. बिल आईच्या नावावर आहे, चालेल?

सुलभाताई: मग तक्रारदार आईच. तिचं अधिकारपत्र घेऊन तुम्ही उभे राहा.